वडिलांच्या डब्यातले रुपये ग्रेडिंगला पाठवावेत का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पश्चात पत्र्याच्या डब्यात चांदीचे चाळीसेक जुने रुपये सापडले. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते पाटावर मांडले जात. त्यांत १८३५चा एक, १८४०चे सहा-सात, १८६२चे बरेच, ‘एम्प्रेस’ लिहिलेले काही, सातव्या एडवर्डचे काही, १९११चा एक आणि १९३९चा एक आहे. १८६२च्या एका रुपयाला कडी लावलेली होती, ती नंतर काढलेली दिसते. याशिवाय मूठभर शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आहेत. इथल्या एका नाणे व्यापाऱ्याने १८६२चे दोन रुपये ‘टिंबाचे, दुर्मीळ’ म्हणून वेगळे काढले. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा दिवाळीत येतो आहे. तो म्हणतो, “मावशी, सगळी नाणी माझ्या बॅगेत दे, तिकडे ग्रेडिंग करून घेऊ, व्हरायटीही कळेल.” देऊ का? आणि देण्याआधी ती उजळून घ्यावीत का?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

नाणी भाच्याच्या बॅगेत देऊ नका आणि ती उजळूही नका. या दोन्ही गोष्टी पुन्हा सुधारता येणाऱ्या नाहीत, म्हणून त्या आधी सांगितल्या. आता कारणे सांगतो.

पुराणवस्तू व कलासंपदा कायदा १९७२मध्ये संमत झाला आणि एप्रिल १९७६पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुराणवस्तू ठरते, आणि पुराणवस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा सरकारने त्यासाठी नेमलेल्या यंत्रणेला आहे. खासगी व्यक्तीने ती बाहेर नेली, तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे. ‘विकायला नेत नाही, तपासून परत आणणार आहोत’ हे कारण कितीही प्रामाणिक असले तरी विमानतळावर त्याने सुटका होत नाही. तुम्ही लिहिलेल्या यादीतील १८३५पासून १९११पर्यंतचे सर्व रुपये आणि सगळ्या शिवराया या व्याख्येत बसतात; अपवाद फक्त १९३९च्या रुपयाचा, आणि त्याच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. ही नाणी घरात बाळगण्यात काहीही बेकायदा नाही, ती वारसाहक्काने तुमचीच आहेत, तेव्हा या भागाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र एखादा स्थानिक व्यापारी ‘आमच्यामार्फत ग्रेडिंग करून देतो’ म्हणाला, तर तपासणी नेमकी कोणत्या शहरात होणार आणि नाणे देशाबाहेर जाणार का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर नाणे परत घेऊन घरी यावे.

आता ग्रेडिंग म्हणजे काय, हे थोडक्यात. पीसीजीएस आणि एनजीसी या त्या क्षेत्रातल्या दोन प्रमुख अमेरिकी संस्था असून त्या अनुक्रमे १९८६ आणि १९८७मध्ये सुरू झाल्या. नाणे अस्सल आहे का, ते किती झिजले आहे आणि त्याचा पृष्ठभाग किती शाबूत आहे, हे तज्ज्ञ पाहतात, १ ते ७० या मोजपट्टीवर त्याला अंक देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे बाजारात ज्याला ‘स्लॅब’ म्हणतात त्यात, ते कायमचे बसवून वर चिठ्ठी लावतात. ही मोजपट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये जुन्या अमेरिकी सेंटच्या नाण्यांसाठी आखली होती; पुढे ती सगळ्याच नाण्यांना लावण्यात आली. साठ आणि त्यावरचे अंक न वापरलेल्या नाण्यांना मिळतात. तुमच्या वडिलांच्या डब्यातले, लोकांच्या हातांतून फिरून आलेले रुपये बहुधा वीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान कुठे तरी बसतील. या दर्जाचे १८६२चे, एम्प्रेसचे आणि एडवर्डचे रुपये महाराष्ट्रात घरोघरी आहेत आणि बाजारात त्यांना चांदीच्या भावापेक्षा थोडीच जास्त किंमत येते. उलट ग्रेडिंगचे शुल्क, अर्ज हाताळण्याचे शुल्क, विमा उतरवलेले टपाल आणि व्हरायटी, म्हणजे एकाच सालाच्या नाण्याचा नेमका उपप्रकार, हवी असल्यास तिचे वेगळे शुल्क, असे सगळे मिळून एका नाण्यामागे सहज काही हजार रुपये खर्च होतात. म्हणजे कायद्याची अडचण नसती तरीही चाळीसपैकी पस्तीसेक नाणी पाठवण्यात काही अर्थ नव्हता.

तुमच्या भाच्याचा आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. ‘तिकडे व्हरायटीही कळेल’ असे तो म्हणतो, पण या संस्था सहसा आपणहून व्हरायटी शोधत बसत नाहीत. अर्जाच्या विशिष्ट रकान्यात ‘हे अमुक प्रकारचे नाणे आहे’ असे तुम्ही लिहायचे, त्याचे पैसे भरायचे, मग ते तुमचे म्हणणे मान्य ग्रंथांशी ताडून बरोबर की चूक हे सांगतात. रकाना कोरा सोडला, तर डबीवर ‘ब्रिटिश इंडिया, १८६२, रुपया’ एवढेच छापून येते आणि टिंबांचा कुठे उल्लेखही नसतो. थोडक्यात, ओळख पटवण्याचे काम आधी घरीच करावे लागते, आणि ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, सराफाचा डिजिटल काटा, टेबलावरचा दिवा आणि एक वही एवढ्यावर होते. वर्गावर इतकी वर्षे घालवलेल्या तुमच्यासारख्या व्यक्तीला हे अवघड नाही, म्हणून ते जरा तपशिलात सांगतो.

वजनापासून सुरुवात करा. कंपनीचा आणि नंतरचा इंग्रजी रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असून जुन्या मापाने तो बरोबर एक तोळा भरतो. हल्लीचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे ‘तोळ्यापेक्षा जास्त भरतोय’ असे कोणी म्हटले तर गोंधळून न जाता ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा मागून घ्या. वापरातला रुपया झिजेमुळे किंचित कमी भरतो, ते ठीक आहे. परंतु अकरा ग्रॅमच्या खाली गेलेला किंवा बारा ग्रॅमच्या वर गेलेला रुपया बाजूला काढून ठेवा, कारण तो खोटा असण्याची शक्यता मोठी असते.

१८३५च्या रुपयावर चौथ्या विल्यमचे डोके आहे. मान जिथे कापल्यासारखी संपते, त्या तिरप्या कडेवर भिंग धरा. तिथे काहीच नसेल, किंवा ‘एफ’ हे एक अक्षर किंवा ‘आरएस’ ही दोन अक्षरे दिसतील. ती उठावाची आहेत की आत खोदलेली, हे दिवा आडवा धरून पाहा आणि लिहून ठेवा. ही अक्षरे कलकत्ता टाकसाळीतल्या अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे आहेत आणि त्यांवरूनच या रुपयाचे प्रकार पडतात.

१८४०च्या रुपयांचे आधी दोन गट करा. एकात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हा मजकूर राणीच्या डोक्यावरून सलग गेलेला असतो, दुसऱ्यात डोक्यामुळे तो डावा-उजवा दुभंगलेला असतो. सलग मजकुराचे आधीचे, दुभंगलेले नंतरचे. तारीख मात्र १८६२पर्यंत तीच ठेवलेली होती, म्हणून १८५७च्या धामधुमीत पाडलेल्या रुपयावरही १८४० हेच साल सापडते. मानेखाली ‘डब्ल्यू डब्ल्यू’ ही खोदकार विल्यम वायन यांची आद्याक्षरे कशी उमटली आहेत ते पाहा, आणि मागच्या बाजूला पानांच्या वेलीत गुंफलेली बारीक फळे मोजा. ही फळांची मोजणी कंटाळवाणी आहे आणि झिजलेल्या नाण्यावर डोळ्यांना त्रासही होतो, पण संग्राहक खरोखरच ती करतात आणि प्रकार ठरवताना ती धरली जाते. नाण्याचा मोठा फोटो संगणकावर उघडून मोजल्यास काम सोपे होते.

आता व्यापाऱ्याने बाजूला काढलेले ते टिंबाचे रुपये. १८६२ हे सालही असेच गोठवलेले होते. त्या सालाचे रुपये पुढे बारा-एक वर्षे पाडले जात राहिले आणि १८७४पासून प्रत्यक्ष वर्ष घालण्याची पद्धत आली. मधल्या काळात मुंबई टाकसाळ मागच्या बाजूला तारखेच्या खाली आणि काही वेळा वरच्या फुलाजवळ टिंबे ठेवत गेली, आणि टिंबांच्या संख्येवरून नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पडले ते कळते असे अभ्यासक मानतात. तेव्हा ‘टिंब आहे म्हणून दुर्मीळ’ हे विधान अपुरे आहे. काही जुळण्या अगदी सामान्य आहेत आणि काही खरोखर कमी मिळतात. त्यामुळे वर किती आणि खाली किती, हे दोन्ही आकडे कळल्याशिवाय त्या नाण्याविषयी काहीच म्हणता येत नाही. त्या जोडीला आणखी दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. राणीच्या झग्याच्या पुढच्या पट्टीवर नक्षीचे किती चौकोन पूर्ण दिसतात, यावरून मुखवट्याचा, म्हणजे राणीच्या चित्राचा, प्रकार ठरतो. आणि मागच्या बाजूच्या वरच्या फुलाच्या बुडाशी असलेल्या दोन मोठ्या पाकळ्या लांब होऊन खाली वळल्या आहेत की आखूड व आडव्या आहेत, यावरून मागच्या साच्याचा प्रकार ठरतो. मुखवटा, मागचा साचा, वरची टिंबे, खालची टिंबे, अशा चार रकान्यांत प्रत्येक नाणे लिहिले, की कॅटलॉगमधला क्रमांक शोधणे हे केवळ पाने उलटण्याचे काम उरते. भारतीय नाण्यांसाठी प्रिडमोर क्रमांक आणि क्राउझ क्रमांक हे दोन सर्वाधिक चालतात. कोणत्याही गंभीर व्यापाऱ्याशी किंवा लिलावगृहाशी बोलताना हे क्रमांक तोंडावर असले, की बोलण्याचा सूरच बदलतो.

टिंब पाहताना एक काळजी घ्या. खरे टिंब साच्यातून आलेले असते, त्यामुळे ते गोल, उठावाचे आणि ठरलेल्या जागीच असते. साच्याचा टवका उडून उमटलेला वेडावाकडा ठिपका, धातूवरचा गंजाचा फोड आणि तुमच्या नाण्यांच्या बाबतीत अक्षरांच्या खोबणीत वाळून घट्ट बसलेले कुंकू, ही तिन्ही पहिल्या नजरेला टिंबासारखी दिसतात.

याच कुंकवावरून उजळण्याच्या प्रश्नाकडे येतो. पूजेतल्या रुपयांवर हळद-कुंकू आणि पंचामृताचे थर असणारच. ते घालवण्यासाठी चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी उजळायची पूड यांपैकी काहीही वापरू नका, आणि सराफाकडे ‘जरा पॉलिश मारून द्या’ असेही सांगू नका. चांदीवर काळाच्या ओघात येणारा सावळा, कधी निळसर-सोनेरी थर हा संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याच्या अस्सलपणाचा भाग असतो. घासल्यावर तो जातो आणि त्याखाली केसासारख्या समांतर रेघा उरतात, ज्या भिंगातून कोणालाही दिसतात. अशा नाण्याला ग्रेडिंग संस्था अंकच देत नाहीत. डबीवर ‘डिटेल्स, क्लीन्ड’ असा शेरा मारून ते परत पाठवतात, आणि शुल्क मात्र पूर्ण घेतात. भोक पाडलेली, कडी काढलेली, खरवडलेली नाणीही याच रांगेत बसतात, त्यामुळे कडीची डाख अजून दिसणारा तुमचा तो रुपया ग्रेडिंगच्या विचारातून आताच वगळावा. वाळलेले कुंकू फारच त्रास देत असेल, तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे, पाणी बदलावे आणि मऊ सुती कापडावर नुसते टेकवून टिपून घ्यावे, पुसू नये. सुईने किंवा टाचणीने कोरण्याचा मोह टाळावा. येत्या लक्ष्मीपूजनासाठी डब्यातले दोन-तीन झिजलेले एडवर्डचे रुपये कायमचे देवघरात ठेवा. त्यांना न्हाऊ घाला, कुंकू लावा, त्यांचे काही बिघडत नाही, आणि बाकीच्यांना या वर्षापासून सुट्टी द्या. पाकिटे घ्याल ती पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची घ्या, कारण स्वस्तातल्या मऊ अल्बमच्या प्लास्टिकमुळे नाण्यावर काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो.

१९११चा रुपया हा तुमच्या यादीतला लक्ष देण्याजोगा तुकडा आहे. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एक हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले, की लोकांना तो डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, सरकारने रुपया मागे घेतला, सुमारे ९४ लाख पाडलेल्या नाण्यांपैकी सात लाखांच्या आसपासच बाहेर गेली होती, बाकीची वितळवण्यात आली, आणि १९१२च्या रुपयावर हत्ती दुरुस्त करण्यात आला. संग्राहक याला ‘पिग रुपया’ म्हणतात. तो मिळतच नाही असे नाही, पण चांगल्या अवस्थेतल्या तुकड्याला मागणी कायम असते. तो शंभरी ओलांडलेला असल्याने देशातच राहील; दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो काढून प्रथितयश भारतीय लिलावगृहाकडे मूल्यांकनासाठी पाठवणे त्याच्यासाठी पुरेसे आहे.

आता १९३९. सहाव्या जॉर्जचा या सालाचा चांदीचा रुपया फार थोड्या संख्येने लोकांपर्यंत पोहोचला, त्यामुळे अस्सल तुकड्याला मोठी किंमत येते, आणि नेमक्या त्याच कारणाने याच्या जितक्या नकला बाजारात आहेत तितक्या दुसऱ्या कोणत्या इंग्रजी रुपयाच्या क्वचितच असतील. तुमचा रुपया खरा असेल तर मला आनंदच आहे, पण तोपर्यंत तो खोटा आहे असे धरून चालावे. तारखेतला शेवटचा नऊ भिंगाखाली पाहा : १९३८चा आठ कोरून नऊ केलेला असेल, तर त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग खरवडलेला किंवा बाजूच्या भागापेक्षा वेगळ्या चकाकीचा दिसतो आणि अंकाची जाडी आधीच्या नवाशी जुळत नाही. कडा फिरवून पाहा : १९४०पासून चांदीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून निम्म्यावर आणले गेले आणि बनावटीला आळा घालण्यासाठी कडेच्या मधोमध फिरणारी खाच असलेली सुरक्षा-कडा आली, म्हणून ‘१९३९’च्या रुपयाला तशी कडा असेल तर ते नंतरच्या नाण्याचे सोंग आहे. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा कडेवर जोडाची बारीक रेघ दिसली, तर ते ओतलेले नाणे समजावे. या सगळ्यांतून तो पार पडला आणि नाण्यांची चांगली पारख असलेल्या दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी त्याला हरकत घेतली नाही, तरच ग्रेडिंगचा खर्च सार्थ ठरतो. कारण या एका नाण्याच्या बाबतीत डबीवरचा ‘अस्सल’ हा निर्वाळाच खरेदीदाराला हवा असतो, त्याचा अंक कितीही आला तरी.

त्याला शंभर वर्षे २०३९मध्ये होतील, तोवर त्याला पुराणवस्तू म्हणता येणार नाही. भाच्याने तो सोबत न्यायचा ठरवलाच, तर फोटो आणि अंदाजे किमतीसह जातानाच कस्टमकडे नोंद करून घ्यावी, म्हणजे परत आणताना तो नव्याने विकत आणलेला समजून त्यावर शुल्क मागितले जाणार नाही. कुरिअरने पाठवायचा विचार असेल, तर ती कंपनी नाणी स्वीकारते का आणि विमा नाण्याला लागू होतो का, हे आधी लेखी विचारावे, कारण अनेक कंपन्यांच्या नियमांत नाणी वर्ज्य असतात.

शिवरायांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण माझ्या मते तुमच्या डब्यातला सर्वांत वाचनीय ऐवज तोच आहे. त्यांना अमेरिकी अंकांची गरज नाही. या नाण्यांवर सहसा साल नसते, ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने अक्षरे अर्धीमुर्धीच उमटतात, आणि खरा अभ्यास ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या मजकुराच्या मांडणीचा, अक्षरांच्या वळणांचा, ओळींमधल्या एका किंवा दोन दांड्यांचा आणि बारीक खुणांचा असतो. बहुतेक शिवराया पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या असतात, महाराजांच्या हयातीतल्या फार थोड्या, तेव्हा ‘रायगडावरची आहे’ असे सांगून कोणी भाव वाढवू लागला तर दुर्लक्ष करावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि नाशिकजवळ अंजनेरीला १९८०मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था या तुमच्या आवाक्यातल्या जागा आहेत. पत्र किंवा फोन करून, फोटो आणि वजने घेऊन जावे. तांब्याच्या नाण्यांना तर पाणीही लावू नका.

वहीतल्या नोंदी पूर्ण झाल्या, की १९३९च्या रुपयाचे दोन्ही बाजूंचे, तारखेचे जवळून घेतलेले आणि कडेचे असे चार फोटो, तसेच त्याचे ग्रॅममधले वजन सदराच्या पत्त्यावर पाठवा. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता आणि नाणे पाकिटातून बाहेर काढून, फक्त कडेला धरून घ्यावेत. व्यापाऱ्याने बाजूला काढलेले दोन रुपये अजून त्याच्याकडेच असतील, तर ते मात्र या आठवड्यातच परत आणा.